आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना कॅनडात कायमचं बोलावताना: उत्पन्नाच्या अटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या पालक आणि आजी-आजोबा कार्यक्रमात उत्पन्नाची अट कागदावर एका ओळीत मावते आणि तरी सर्वांत जास्त अर्ज तिथेच अडखळतात. अडखळणारे बहुतेक जण गरीब नसतात. कुणी माणसं मोजताना एक विसरतं, कुणी तीनपैकी एका वर्षात थोडक्यात कमी पडतं, तर कुणी टॅक्स वाचवण्याच्या नादात उत्पन्नच कमी दाखवलेलं असतं. ब्रॅम्प्टन-मिसिसागापासून कॅल्गरीपर्यंतच्या मराठी घरांतून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची ही उत्तरं. सगळी रक्कम कॅनेडियन डॉलरमध्ये आहे आणि आकडे 2025 च्या फेरीचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी इमिग्रेशन खात्याच्या (आयआरसीसी) वेबसाइटवरचा तक्ता उघडून बघाच.

नेमकं किती उत्पन्न लागतं?

ते कुटुंबात किती माणसं मोजली जातात यावर ठरतं. 2025 मध्ये ज्यांना (सोडतीतून) अर्ज करण्याचं आमंत्रण आलं, त्यांना 2024, 2023 आणि 2022 या तिन्ही वर्षांत, याच क्रमाने, पुढील रकमा दाखवाव्या लागल्या:

2 माणसं: 47,549 / 44,530 / 43,082
3 माणसं: 58,456 / 54,743 / 52,965
4 माणसं: 70,972 / 66,466 / 64,306
5 माणसं: 80,496 / 75,384 / 72,935
6 माणसं: 90,784 / 85,020 / 82,259
7 माणसं: 1,01,075 / 94,658 / 91,582
त्यापुढे प्रत्येक माणसामागे: 10,291 / 9,636 / 9,324

हे वर्षाचं, टॅक्स कापण्यापूर्वीचं उत्पन्न आहे. दर पंधरवड्याला हातात पडणारा पगार 26 ने गुणून निराश होऊ नका.

हे आकडे ठरवतं कोण?

स्टॅटिस्टिक्स कॅनडा 'लो इन्कम कट-ऑफ' नावाची एक रेषा काढतं. सगळे तिला 'लायको' म्हणतात. सरासरी कुटुंबाच्या तुलनेत ज्या घराच्या उत्पन्नाचा 20 टक्के-बिंदूंनी जास्त वाटा अन्न, निवारा आणि कपड्यांवरच संपतो, ते घर या रेषेखाली. मूळ पाहणी 1992 च्या खर्चाची, पुढे महागाईप्रमाणे आकडा वाढवत नेलेला. पालकांना बोलावण्यासाठी या रेषेवर आणखी 30 टक्के लागतात आणि तेही सलग तीन वर्षं. ही कडक अट जानेवारी 2014 पासून आहे. त्याआधी नुसता लायको आणि एका वर्षाचं उत्पन्न पुरत असे. म्हणून 2010 मध्ये आई-वडिलांना आणलेल्या काकांचा सल्ला आज लागू पडत नाही.

आम्ही टोरांटोत नाही, सस्कॅचेवनच्या छोट्या गावात राहतो. आमच्यासाठी आकडा कमी आहे का?

नाही. 5 लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठीची रेषाच सगळ्यांना लावतात, घरभाडं निम्मं असलं तरी. फक्त क्वीबेकचं गणित वेगळं आहे. तिथे हमी (पालकांचा खर्च उचलण्याची लेखी जबाबदारी) क्वीबेक सरकारला द्यावी लागते, उत्पन्नाचे निकष त्यांचे स्वतःचे आहेत आणि पालकांसाठी हमीचा काळ 10 वर्षांचा आहे. मॉन्ट्रियलमधल्या वाचकांनी वरचा तक्ता विसरून क्वीबेकच्या इमिग्रेशन मंत्रालयाचे नियम बघावेत.

तीन वर्षांची सरासरी काढली तर चालते का? आमचं एक वर्ष कमी आहे, पण दोन भरपूर आहेत.

चालत नाही. तिन्ही वर्षं स्वतंत्रपणे पास व्हावी लागतात. समजा तुम्ही सहा माणसांचं कुटुंब आहात. 2024 मध्ये 1,30,000 मिळवले, 2023 मध्ये 1,10,000 आणि 2022 मध्ये 82,000. बेरीज उत्तम दिसते, पण 2022 ची रेषा 82,259 होती. 259 डॉलरनी अर्ज अपात्र.

ही तीन वर्षं म्हणजे अर्ज करण्याच्या दिवसाआधीची, टॅक्स भरून झालेली लगतची तीन कॅलेंडर वर्षं. भारतातलं एप्रिल-मार्च इथे डोक्यातून काढा. जो माणूस 2023 च्या ऑगस्टमध्ये कॅनडात उतरला, त्याचं 2022 कोरंच आहे आणि 2023 अर्धं. पगार कितीही तगडा असो, त्याला थांबावंच लागतं.

कुटुंबात कोणाकोणाला मोजायचं?

इथे सावकाश वाचा. सगळ्यात जास्त घोळ याच प्रश्नावर होतो.

पहिले तुम्ही स्वतः. मग तुमची पत्नी किंवा पती, किंवा वर्षभरापेक्षा जास्त काळ एकत्र राहणारा जोडीदार. मग तुमची अवलंबून असलेली मुलं आणि जोडीदाराची आधीच्या संसारातली अवलंबून मुलंसुद्धा. अवलंबून म्हणजे साधारणपणे 22 वर्षांखालचं, लग्न न झालेलं मूल. त्यानंतर ज्यांना बोलावताय ते आई-बाबा किंवा आजी-आजोबा. त्यांच्यावर अवलंबून असलेलं मूल, म्हणजे तुमचा 22 वर्षांखालचा धाकटा भाऊ किंवा बहीण, हेही आलं. आणि शेवटी, पूर्वी तुम्ही किंवा तुमच्या को-सायनरने (हमीवर सोबत सही करणाऱ्या जोडीदाराने) कोणाची हमी घेतली असेल आणि तिची मुदत अजून चालू असेल, तर ती माणसंही.

नवरा-बायको, दोन मुलं आणि येणारे आई-बाबा म्हणजे सहा. बरेच जण 'आम्ही घरात चौघं' म्हणून चारच्या ओळीत बोट ठेवतात. येणारी माणसं आधीपासून मोजायची असतात, विमानतळावर उतरल्यावर नाही.

बाबा एकटेच येणार आहेत. आई नाशिकलाच राहणार. मग एकच माणूस मोजायचा ना?

दोन. सोबत न येणारा जोडीदार आणि सोबत न येणारी अवलंबून मुलं मोजावीच लागतात. आई-वडील कायदेशीर घटस्फोट न घेता नुसते वेगळे राहत असतील, तरीही दुसऱ्याची गणना होते. 'मग त्यांचं नावच लिहीत नाही' असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. माहिती लपवली असं ठरलं तर पालकांवर 5 वर्षं प्रवेशबंदी येऊ शकते.

उत्पन्न म्हणजे नेमकं कोणतं? पगाराची स्लिप, बँक स्टेटमेंट की आणखी काही?

कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी (सीआरए) टॅक्स रिटर्न तपासून जो कागद पाठवते तो, म्हणजे नोटीस ऑफ असेसमेंट. त्यातली लाइन 15000, एकूण उत्पन्न. जुन्या कागदांवर तिचाच क्रमांक 150 होता. कंपनीचं पत्र, टी-4 (पगाराचा वार्षिक दाखला), बँकेतली शिल्लक हे सगळं या एका ओळीपुढे दुय्यम आहे.

सीआरएच्या 'माय अकाउंट'मध्ये लॉग-इन करून तिन्ही वर्षांच्या नोटिसा काढा, तुमच्या आणि जोडीदाराच्या शेजारी-शेजारी ठेवा आणि फक्त लाइन 15000 वर खूण करा. खाली लाइन 23600 वर निव्वळ उत्पन्न दिसेल आणि 26000 वर करपात्र. ते दोन्ही आकडे लहान असतात आणि त्यांचा इथे काही संबंध नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांनी 26000 ची ओळ बघून स्वतःला अपात्र ठरवलेलं असतं.

अर्जात उत्पन्नाच्या मूल्यांकनाचा वेगळा फॉर्म असतो, आयएमएम 5768. त्यात सीआरएकडून थेट माहिती घ्यायला खात्याला परवानगी देण्याची सोय आहे. परवानगी दिली तरी नोटिसा स्वतःच्या फायलीत ठेवा.

मी दरवर्षी आरआरएसपीमध्ये (निवृत्तीच्या बचत खात्यात) बरेच पैसे टाकतो. त्याने उत्पन्न कमी दिसेल का?

नाही. आरआरएसपीची वजावट लाइन 15000 च्या खाली होते. निवृत्तीसाठी बिनधास्त साठवा.

मॅटर्निटी लीव्हवर असताना मिळालेले पैसे धरतात का?

धरतात. एम्प्लॉयमेंट इन्शुरन्समधले (ईआय, म्हणजे बेरोजगारी विमा) प्रसूती, पालकत्व आणि आजारपणाचे लाभ चालतात. नोकरी गेल्यावर मिळणारा नेहमीचा ईआय मात्र चालत नाही. तो लाइन 15000 मध्ये आलेला असला तरी खातं तो वजा करून मोजतं. सामाजिक साहाय्य (उदाहरणार्थ ऑन्टॅरिओ वर्क्स), प्रशिक्षणासाठीचा सरकारी भत्ता, कॅनडा चाइल्ड बेनिफिट आणि वृद्धांना मिळणारं गॅरंटीड इन्कम सप्लिमेंट हेही मोजत नाहीत.

त्यामुळे ज्या वर्षी घरातल्या कोणाची नोकरी गेली होती, त्या वर्षाची नोटीस नुसती बघून समाधान मानू नका. रिटर्नच्या लाइन 11900 वर ईआयची रक्कम दिसते. त्यातला नेहमीचा ईआय काढून टाका आणि मग तक्त्याशी ताडून बघा.

माझा स्वतःचा धंदा आहे. उलाढाल दीड लाखाची आहे. मग मी पात्र ना?

उलाढाल कोणी विचारत नाही. खर्च वजा जाऊन उरलेला नफा लाइन 15000 मध्ये येतो. ट्रक चालवणारे, उबर चालवणारे, घरून डबे देणाऱ्या ताई, रिअल इस्टेट एजंट आणि आयटीत कंत्राटावर काम करणारे, सगळ्यांना हेच लागू.

धंदेवाल्यांचा अकाउंटंट त्याचं काम चोख करतो. गाडीचं पेट्रोल, घरातल्या ऑफिसचा कोपरा, फोनचं बिल, सगळं खर्चात घालून नफा 38,000 वर आणून ठेवतो. टॅक्स वाचतो आणि सगळे खूश. दोन वर्षांनी आई-बाबांचं आमंत्रण येतं, तेव्हा तोच 38,000 चा आकडा समोर उभा राहतो आणि 'अहो, पण मी खरं तर लाख कमावतो' हे कोणी ऐकून घेत नाही. सरकारला आपण लेखी कळवलेलं उत्पन्न 38,000 आहे.

स्वतःच्या कंपनीतून काम करणाऱ्यांचंही तसंच. कंपनीच्या खात्यात साठलेले पैसे तुमचं उत्पन्न नाही. पगार किंवा लाभांश म्हणून जेवढं काढलं आणि वैयक्तिक रिटर्नमध्ये दाखवलं, तेवढंच. म्हणून पालकांना बोलवायचा विचार असेल तर अकाउंटंटला आत्ताच सांगा, आमंत्रण आल्यावर नाही. थोडा जास्त टॅक्स भरावा लागेल. माझ्या मते तो या बाबतीत सत्कारणी लागतो.

जुन्या रिटर्नमध्ये एखादं उत्पन्न खरोखरच राहून गेलं असेल तर सीआरएकडे दुरुस्ती मागता येते आणि नवी, सुधारित नोटीस मिळते. पण खर्च खरे असताना ते मागे घेऊन उत्पन्न फुगवणं म्हणजे दोन सरकारी खात्यांशी एकाच वेळी खोटं बोलणं. त्या वाटेला जाऊ नका.

बाबांना पेन्शन आहे, कोथरूडला फ्लॅट आहे, एफडी आहेत. ते आमच्यावर ओझं होणारच नाहीत. हे दाखवता येईल का?

दाखवता येईल, पण उपयोग नाही. या अटीत मालमत्ता धरत नाहीत, ना तुमची ना त्यांची. पालकांचं उत्पन्नही धरत नाहीत. फ्लॅटची आजची किंमत, सोनं, म्युच्युअल फंड, तुमचं इथलं फिटलेलं घर, सगळं शून्य. निवृत्त बँक अधिकाऱ्याचा मुलगा अपात्र ठरतो आणि ज्यांच्या नावावर गावाकडे काही नाही अशांचा मुलगा पात्र ठरतो. लोकांना हे फार टोचतं आणि टोचणं स्वाभाविक आहे, पण इथली कसोटी बोलावणाऱ्याच्या कमाईची आहे.

माझ्या स्वतःच्या पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येतं. ते?

कॅनडाचा कर-रहिवासी असाल तर जगभरचं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, त्यात पुण्याचं भाडंही आलं. खर्च वजा जाऊन उरलेलं भाडं लाइन 15000 मध्ये दिसेल. भाड्याने दिलेल्या घरासह परदेशातल्या मालमत्तेची एकूण खरेदी-किंमत 1 लाख डॉलरच्या वर असेल तर टी-1135 हा फॉर्मही भरावा लागतो. सीआरएला भाडं सांगायचं नाही आणि आयआरसीसीला मात्र दाखवायचं, ही इच्छा पुष्कळांची असते. ती पूर्ण होत नाही.

माझं एकट्याचं कमी पडतं. भाऊ पण इथेच आहे. दोघं मिळून करू का?

नाही. उत्पन्न जोडता येतं ते फक्त नवरा, बायको किंवा एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचं. त्याला को-सायनर म्हणतात. भाऊ, बहीण, मेहुणा, सज्ञान मुलगा यांपैकी कोणीही चालत नाही. आपल्याकडे आई-वडिलांचा खर्च भावंडांनी वाटून घ्यायची रीत आहे, ती घरात चालू ठेवा. सरकारी कागदावर एकच घर जबाबदार असतं. दोघा भावांपैकी ज्याचं घर तक्त्यात बसतं, त्याने अर्ज करावा.

को-सायनरने सही केली की तोही हमीला तेवढाच बांधला जातो. उद्या काडीमोड झाला तरी बायको सासू-सासऱ्यांच्या हमीतून सुटत नाही. सही करण्यापूर्वी हे दोघांनी शांतपणे बोलून घ्यावं. विषय अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही.

माझे आई-बाबा आणि बायकोचे आई-बाबा, चौघांना एकदम आणता येईल?

सासू-सासऱ्यांसाठी तुम्ही मुख्य स्पॉन्सर (हमी घेऊन बोलावणारा) होऊ शकत नाही. तो अर्ज बायकोच्या नावाने, तुम्ही को-सायनर. आमंत्रणंही वेगवेगळी लागतात.

आधी तुमचे आई-बाबा आले असतील, तर पुढची वीस वर्षं ते मोजणीत राहतात. नवरा-बायको, दोन मुलं, आधी आलेले दोघं आणि आता येणारे दोघं म्हणजे आठ. 2024 च्या वर्षासाठी आठ माणसांचा आकडा होतो 1,11,366. दोघंही बऱ्यापैकी नोकरीत असतील तर जमतं, एकाच्या पगारावर कठीण.

कोविडच्या वर्षांत सवलत होती असं ऐकलं.

होती. 2020 आणि 2021 या करवर्षांसाठी वरचे 30 टक्के काढून टाकले होते. दोन माणसांसाठी 2019 चा आकडा 41,007 होता, तो 2020 साठी 32,899 वर आला. 2022 च्या उत्पन्नापासून पूर्वीचीच अट परत आली. 2025 च्या फेरीत मोजली गेलेली तिन्ही वर्षं पूर्ण दराची होती, हे जुनी माहिती वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

उत्पन्न उत्तम आहे. आज अर्ज करू का?

आमंत्रणाशिवाय अर्ज घेत नाहीत. 13 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर 2020 या काळात इच्छुकांनी ऑनलाइन फॉर्म भरले होते. 2021 पासून 2025 पर्यंतची सगळी आमंत्रणं त्याच यादीतून सोडत काढून गेली. 2024 मध्ये 35,700 आणि 2025 मध्ये 17,860. 2020 नंतर कॅनडात आलेल्या किंवा तेव्हा फॉर्म न भरलेल्या लोकांना, उत्पन्न दोन लाख असलं तरी, त्या फेऱ्यांत जागाच नव्हती.

त्याआधीची तऱ्हा आणखी वेगळी. जानेवारी 2019 मध्ये 'जो आधी भरेल त्याचा नंबर' अशी पद्धत होती आणि फॉर्म काही मिनिटांत बंद झाला. तत्काळ तिकीट काढायची सवय असलेली आपली मंडळी तिथे मागे पडली नसावीत.

2020 च्या यादीत नाव असेल तर त्या वेळच्या कुटुंबावर विसंबू नका. तेव्हा तुम्ही अविवाहित असाल आणि आता दोन मुलं असतील, तर मोजणी आताची होते. आमंत्रण आल्यावर हातात साधारण दोन महिनेच असतात, म्हणून नोटिसा आधीच काढून ठेवा. आमंत्रण कॅनडात राहणाऱ्या, 18 वर्षांवरील नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) असलेल्याच्याच कामाचं. दिवाळखोरीतून अजून मुक्त न झालेला किंवा अपंगत्वाखेरीज इतर कारणाने सामाजिक साहाय्य घेणारा माणूस स्पॉन्सर होऊ शकत नाही.

अर्ज टाकल्यानंतर नोकरी गेली किंवा घरात बाळ आलं, तर?

पात्रता अर्जाच्या दिवसापासून अंतिम निर्णयापर्यंत टिकायला हवी. 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ उलटला किंवा परिस्थिती बदलल्याचं अधिकाऱ्याला कळलं, तर तो उत्पन्नाचे ताजे पुरावे मागू शकतो. बाळ आलं की कुटुंबाचा आकडा एकाने वाढतो आणि ते कळवावंच लागतं. काठावर पास होणाऱ्यांनी हे गृहीत धरावं. माझा सल्ला असा की तक्त्यात स्वतःच्या ओळीच्या खालच्या ओळीवर बोट ठेवून बघा. तिथेही बसत असाल तर निर्धास्त राहा.

वीस वर्षांची हमी म्हणजे नक्की काय?

पालक पीआर झाल्याच्या दिवसापासून 20 वर्षं त्यांचं अन्न, कपडे, निवारा, घरखर्च, तसंच दात-डोळे अशा सरकारी आरोग्यसेवेत न बसणाऱ्या उपचारांची जबाबदारी तुमची. त्या काळात त्यांनी सरकारी सामाजिक साहाय्य घेतलं तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होते आणि ती फेडेपर्यंत दुसऱ्या कोणालाही स्पॉन्सर करता येत नाही. नोकरी जाणं, घटस्फोट, दुसऱ्या प्रांतात जाणं, पालकांनी नागरिकत्व घेणं, यांपैकी कशानेही हमी संपत नाही. भांडण होऊन आई-बाबा वेगळे राहायला गेले तरीही नाही.

हे प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. 2011 चा मावी खटला. ऑन्टॅरिओतल्या आठ स्पॉन्सरांचं म्हणणं होतं की परिस्थिती हाताबाहेर गेल्यावर एवढं कर्ज आमच्या माथी मारू नये. न्यायालयाने सांगितलं की कर्ज वसूल होऊ शकतं. सरकारने स्पॉन्सरला कळवून त्याची बाजू ऐकावी, परिस्थिती बघून वसुली लांबवता येईल, पण कर्ज माफ होणार नाही.

सरकारी दवाखान्यात जाणं म्हणजे सामाजिक साहाय्य नव्हे, हेही सांगतो. पीआर झालेल्या पालकांना प्रांताचा आरोग्य विमा मिळतो आणि त्याचं बिल तुम्हाला येत नाही. म्हातारपणाची ओल्ड एज सिक्युरिटी पेन्शनही यात येत नाही, पण इथे राहणाऱ्याला ती मिळायला साधारणपणे 18 वर्षांनंतरचा किमान 10 वर्षांचा कॅनडातला वास लागतो.

उत्पन्न थोडं कमी आहे, तरी अर्ज करून बघू का?

स्पॉन्सरशिपच्या फॉर्ममध्ये, आयएमएम 1344 मध्ये, एक चौकोन असतो. तुम्ही अपात्र ठरलात तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालू ठेवायचा? 'मागे' निवडलं तर 85 डॉलरची स्पॉन्सरशिप फी सोडून बाकीची फी परत मिळते, पण अपिलाचा हक्क जातो. 'पुढे' निवडलं तर फी अडकते, पालकांचा अर्ज नामंजूर होतो आणि मग इमिग्रेशन अपील विभागाकडे 30 दिवसांत दाद मागता येते. तिथे नातवंडांचं हित, पालकांचं एकटेपण, नंतर सुधारलेलं उत्पन्न अशा मानवीय बाबी ऐकल्या जातात. दोन-तीनशे डॉलर कमी पडलेल्या आणि आता उत्पन्न चांगलं असलेल्या माणसाची बाजू तिथे बरीच मजबूत असते. दहा हजार कमी असतील तर वकिलाशी बोलल्याशिवाय त्या चौकोनात खूण करू नका.

यात बसत नसू तर सुपर व्हिसाला तरी बसू का?

बहुतेक वेळा हो. सुपर व्हिसा म्हणजे पालकांना लांब मुक्कामासाठी मिळणारा पाहुण्यांचा व्हिसा. त्यासाठी नुसता लायको लागतो, 30 टक्के नाहीत आणि तीन वर्षंही नाहीत. जुलै 2025 च्या तक्त्यात चार माणसांसाठी 56,724 आणि सहा माणसांसाठी 72,560. इथेही येणारे पालक मोजायचे आणि 2025 च्या नियमांप्रमाणे उत्पन्न जोडायचं ते जोडीदाराचंच. जुलै 2022 पासून एका वेळी 5 वर्षांपर्यंत राहता येतं आणि व्हिसा 10 वर्षांपर्यंतचा मिळू शकतो.

खर्च विम्याचा आहे. किमान 1 लाख डॉलरचं आणीबाणीचं वैद्यकीय संरक्षण, वर्षभराचं. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या माणसाचा हप्ता चांगलाच जड जातो. जानेवारी 2025 पासून कॅनडाच्या नियामकाने मान्यता दिलेल्या परदेशी कंपन्यांचा विमाही चालतो, पण भारतातली कुठलीही ट्रॅव्हल पॉलिसी चालेल असा त्याचा अर्थ नाही. आपली कंपनी त्या यादीत आहे का ते बघा.

ज्या आजींना हिवाळ्यात गुडघे दुखतात आणि गणपतीला घरी परतायचंच असतं, त्यांच्यासाठी पीआरपेक्षा सुपर व्हिसा बरा, असं माझं मत आहे. पीआर टिकवायला 5 वर्षांत 730 दिवस इथे राहावं लागतं आणि ते बऱ्याच ज्येष्ठांना नको असतं.

बहीण अमेरिकेत आहे. तिने म्हणे सहज आई-बाबांना बोलावलं. तिथे उत्पन्न लागत नाही का?

लागतं, पण खूप कमी. तिथे संघीय दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के लागतात. शिवाय मालमत्ता धरतात आणि उत्पन्न कमी पडलं तर नात्याबाहेरचा सह-हमीदारही चालतो. आई-वडिलांसाठी सोडतही नाही. पण तो हक्क फक्त 21 वर्षांवरील अमेरिकी नागरिकाला आहे. ग्रीन कार्डवाल्याला आई-वडील बोलावता येत नाहीत आणि आजी-आजोबांसाठी तिथे असा मार्गच नाही. भारतात जन्मलेल्या नोकरदाराला ग्रीन कार्डसाठीच किती वर्षं रांगेत उभं राहावं लागतं, ते बहिणीला विचारा. बहीण नागरिक झाली असेल आणि आई-बाबांना तिकडे राहायला आवडत असेल, तर तोही पर्याय घरात बोलून बघायला हरकत नाही.